कचेरीवर गेलेली माणसं

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे हुतात्म्यांच्या बाबतीत वेगळे काढता येत नाहीत. १९४२ साली वडूज, कराड, तासगाव, इस्लामपूर ही सगळी तालुक्याची गावं एकाच सातारा जिल्ह्यात मोडत होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. मधूनमधून औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांचे तुकडे पसरलेले होते. इंग्रजांचा फौजदार मागे लागला की शीव ओलांडून संस्थानात शिरायचं, हा भूमिगतांचा नेहमीचा मार्ग. हा मुलूख मी पावसाळा सरता सरता एसटीने, वडापने आणि जमेल तिथे पायी हिंडलो. बघायची होती ती रस्त्याकडेची स्मारकं. गोळीबारात, फाशीत आणि पाठलागात जीव गेलेल्यांची नावं ज्यांवर आहेत, ती.

सुरुवात साताऱ्यातच करावी, आणि १८५७ पासून करावी. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये गादीवरून उतरवलं आणि काशीला धाडलं. १८४७ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं कंपनीच्या दारात खेटे घालत राहिले. दाद लागली नाही. परत आल्यावर अर्जविनंत्यांवरचा त्यांचा विश्वास उडालेला होता. १८५७ च्या उन्हाळ्यात साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव झाली, ती फुटली, आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना ठार करण्यात आलं. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिलं, सहा जणांना गोळ्या घातल्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र निसटले, आणि पुढे सरकारला कधीच सापडले नाहीत.

गेंडामाळ आता शहरातच जमा झाला आहे. 'फाशीचा वड' म्हणून तिथली जागा सातारकरांना माहीत आहे आणि तिथे स्मारकही आहे. उघड्या माळावर शिक्षा देण्यामागे सरकारचा हेतू उघड होता. लोकांनी बघावं, घरी जाऊन सांगावं आणि पुन्हा कुणी मान वर करू नये. त्याच जागी मारलेल्यांची आठवण उभी करणं म्हणजे त्या हेतूला दिलेलं उत्तर आहे, आणि ते जागेवरच द्यावं लागतं. दुसरीकडे कुठे बागेत पुतळा उभारून ते साधत नाही. वर डोंगराच्या अंगाला 'चार भिंती' आहे. राजघराण्यातल्या स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून प्रतापसिंहांनी १८३० मध्ये ती वास्तू बांधली. तीही आज हुतात्मा स्मारक म्हणूनच ओळखली जाते. संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि खाली अख्खं सातारा शहर दिसतं.

साताऱ्यात असताना आणखी एका माणसाची आठवण टाळता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम त्यांनी इथून राज्यभर नेलं. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, त्यांना गोळ्या घालून मारलं. विचारांसाठी माणूस मारला जाणं हे इंग्रजांबरोबर संपलं नाही, हे ज्यांना मान्य करायला जड जातं त्यांनी २० ऑगस्टला त्या पुलावर जावं. कार्यकर्ते येतात, फलक धरतात, गाणी म्हणतात, आणि बाजूने पुण्याची वाहतूक चाललेली असते. माणूस पडला तिथेच उभं राहायचं, ही रीत या मुलखाला नवी नाही.

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत वडूजला आलं की येरळेचा कोरडा मुलूख सुरू होतो. वडूज हे खटाव तालुक्याचं ठाणं. तहसील कचेरीभोवती कुठल्याही तालुक्याच्या गावी असते तशी वर्दळ होती. स्टॅम्प विकणारे, अर्ज लिहून देणारे, सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आलेले शेतकरी, चहाच्या टपऱ्या. ही वर्दळ नीट पाहिली म्हणजे १९४२ चे मोर्चे कचेरीवरच का नेले, ते ध्यानात येतं. सामान्य माणसाला इंग्रज सरकार भेटायचं ते याच इमारतीत. सारा इथे भरायचा, खजिना इथे, कोठडी इथे, आणि छपरावर त्यांचं निशाण. मुंबईचा लाटसाहेब कुणी पाहिला होता? मामलेदार मात्र रोजचा. त्याच्या डोक्यावर गांधी टोपी चढली आणि कचेरीवर तिरंगा लागला, की त्या तालुक्यापुरतं राज्य गेलं, असा तो सरळ हिशेब होता.

९ ऑगस्टला गांधीजींसह सगळे पुढारी तुरुंगात गेल्यावर जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी हा बेत आखला. शस्त्र घ्यायचं नाही, दगडही उचलायचा नाही, हजारोंनी चालत जायचं. २४ ऑगस्टला कराडला बाळकृष्ण पाटील उंडाळकरांनी मोर्चा नेला. ३ सप्टेंबरला तासगावला तर ठरवलं तसंच घडलं. मामलेदाराने टोपी घातली आणि कचेरीवर झेंडा चढला. त्या बातमीने सगळा जिल्हा चेतला. सरकारही सावध झालं आणि पुढच्या मोर्चांना बंदुकीने अडवायचं ठरलं.

पुढचा मोर्चा वडूजचा होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडगाव जयराम स्वामी या गावाहून परशुराम घार्गे यांच्या पुढारपणाखाली लोक निघाले. वाटेत गावोगावची माणसं मिळत गेली. कचेरीसमोर पोलिसांनी गोळीबार केला आणि नऊ जण गेले. परशुराम घार्गे पहिल्या फळीत होते, तेही त्यांत होते. गेलेल्यांपैकी बहुतेक एकट्या वडगावचे, बाकीचे पुसेसावळी आणि उंचीठाण्याचे. त्यांच्या हातात झेंडे होते. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही तेच झालं.

वडूजला हुतात्मा स्मारक आहे, हुतात्मा परशुराम विद्यालय आहे, आणि ९ सप्टेंबर तिथे दरवर्षी पाळला जातो. पण ही गोष्ट खरी कळायची तर वडगावला जायला हवं. औंधच्या यमाईच्या डोंगराला वळसा घालून, पुसेसावळीवरून रस्ता जातो. हे जयराम स्वामींचं गाव. रामदासांच्या पंचायतनातले हे साधू, त्यांचा मठ इथे आहे. भोवती ज्वारीची रानं, मधूनमधून ऊस. एका गावातून निघालेले इतके लोक एका दिवसात परत येत नाहीत, म्हणजे काय झालं असेल? त्या काळच्या एवढ्याशा गावात त्या रात्री कुठल्याच आळीत चूल पेटली नसणार. काही घरांत पोटापुरतंही मागे राहिलं नसेल. पुढारी गेला तर इतिहासात नोंद होते. त्याच्या मागच्या रांगेतला माणूस गेला तर नोंद होते ती फक्त त्याच्या घरात, आणि नातवंडांच्या पिढीला तीही पुसट होते. म्हणून दगडावर नाव लिहावं लागतं.

राज्य सरकारने १९८० च्या दशकात महाराष्ट्रभर गावोगावी हुतात्मा स्मारकं बांधली, सुमारे दोनशे. त्यांतली पुष्कळ आज जाता येता दिसतात. एक छोटी खोली किंवा सभागृह, पुढे मोकळी जागा, एक स्तंभ, त्यावर नावं. काही ठिकाणी वाचनालय चालतं, कुठे स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तकं घेऊन बसलेली असतात, आणि हा वापर मला अगदी योग्य वाटतो. काही ठिकाणी मात्र फाटकाला कुलूप असतं. अशाच एका गावी, नाव सांगत नाही, मी कुंपणाच्या बाजूने आत शिरलो. संगमरवरी पाटीवर नावं कोरलेली होती आणि अक्षरांत भरलेला काळा रंग बराचसा निघून गेला होता. उजेड समोरून पडला की दगड नुसता पांढरा दिसे. तिरकं उभं राहिलं की अक्षरांच्या खाचांत सावली धरे आणि वाचता येई. काही खाचांत शेवाळ होतं. बोट फिरवत एकेक नाव वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि प्रत्येकाच्या आधी 'हु.' एवढंच. वय नाही, धंदा नाही, कुठे आणि कसे गेले ते नाही. शेजारी गुरं घेऊन चाललेल्या एका काकांना विचारलं. ते म्हणाले, "बेचाळीसचे हायत. पत्री सरकारातले." पुढचं त्यांनाही सांगता येईना.

मला या प्रवासात सगळ्यात जास्त सलली ती हीच गोष्ट. आपण नावं जपली, पण प्रत्येक नावाला जोडून जी एक ओळ हवी ती लिहायची राहिली.

जर्मनीत गुंटर डेमनिग नावाचा एक शिल्पकार आहे. नाझींनी घरातून उचलून नेलेल्या आणि मारलेल्या माणसांसाठी तो १९९२ पासून रस्त्यात पितळी पाट्या बसवतो आहे. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची पाटी, त्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घरासमोर, फुटपाथच्या दगडांतच बसवलेली. त्यावर बहुधा सुरुवातीला 'येथे राहत होते' असं लिहिलेलं असतं, मग नाव, जन्मसाल, कधी पकडलं, कुठे नेलं, शेवट काय झाला. ज्यूंच्या, रोमा लोकांच्या, सरकारविरोधी कार्यकर्त्यांच्या आणि इतर छळलेल्यांच्या अशा पाट्या युरोपभर बसल्या आणि २०२३ मध्ये त्यांची संख्या एक लाखावर गेली. वाचायचं तर वाकावं लागतं. चारपाच ओळींत एक माणूस उभा राहतो आणि तो याच दारातून आत-बाहेर करत होता हे कळतं. आपल्याकडे पायाखाली नाव ठेवणं कुणाला रुचणार नाही, आणि रुचू नयेच. आपण पायरीवरच्या नावालासुद्धा पाय लागला तर हात जोडतो. पण त्या चारपाच ओळी घेण्यासारख्या आहेत.

वडूज आणि इस्लामपूरच्या गोळीबारांनंतर कार्यकर्त्यांनी एक निर्णय घेतला. नि:शस्त्र लोकांना पुन्हा कचेरीसमोर उभं करायचं नाही. मोर्चे थांबले आणि चळवळ भूमिगत झाली. त्यातून १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं. शे-दीडशे गावांत त्याची न्यायमंडळं बसत, दारूबंदी चाले, कमी खर्चाची गांधी लग्नं लागत. गुंडांना आणि फितुरांना पायाच्या तळव्यांवर मार मिळे, त्यावरून लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' बसलं. त्या माराची बाजू आज वाचताना अंगावर येते, आणि तीही सांगितली पाहिजे. पण ज्या गावाने कचेरीसमोर आपली माणसं पडताना पाहिली, त्याने पुढे जे केलं ते त्या दिवसापासूनच मोजायला हवं.

प्रतिसरकारची राजधानी म्हणावी तर कुंडल. कडेगावकडून सागरेश्वरच्या डोंगराला लागून, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे मागे टाकत इथे येता येतं. शेजारी किर्लोस्करवाडी. ही दोन्ही गावं तेव्हा औंध संस्थानात होती. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, त्यामुळे इथली हवाच वेगळी. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड कुंडलचे, आणि प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचे, म्हणजे तुफान सेनेचे, कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, तेही कुंडलचेच. ७ जून १९४३ रोजी त्यांच्या माणसांनी शेणोलीजवळ रुळावर दगड रचून पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी अडवली आणि सरकारी पगाराचे सुमारे १९ हजार रुपये नेले. प्रवाशांना धक्का लावला नाही. कॅप्टन भाऊंना या प्रसंगाला 'लूट' म्हटलेलं खपत नसे. इंग्रजांनी इथल्या लोकांचं नेलेलं आम्ही परत आणलं, असं त्यांचं म्हणणं. ते २०२२ मध्ये गेले. शेणोलीला रुळांच्या जवळ या घटनेचं छोटंसं स्मारक आहे. ही अख्खी वाट मला याच एका ठिकाणासाठी पुन्हा चालायला आवडेल, कारण इथे मेलेल्यांची नव्हे, धाडसाची जागा राखली आहे.

जगले वाचले त्यांच्यासाठी मात्र स्तंभ नसतो. नाना पाटील भूमिगत झाल्यावर सरकारने त्यांचं घर आणि जमीन ताब्यात घेतली. लेक हौसाताई आजोळी वाढली, आणि या घराला काम द्यायलाही लोक भीत. पुढे ती स्वतः चळवळीत उतरली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर तिने आणि तिच्या साथीदाराने नवरा-बायकोच्या मारहाणीचं सोंग केलं. पोलीस ते बघण्यात गुंतले आणि बाकीच्यांनी ठाण्यातल्या बंदुका पळवल्या. सोंग खरं वाटावं म्हणून तिने अंगावर घेतलेला मार खराच होता. गोव्यात पकडलेल्या सहकाऱ्याला सोडवायला गेलेल्यांतही ती होती आणि परतताना रात्री मांडवी ओलांडून आली. हौसाताई २०२१ मध्ये विट्याला वारल्या. ठाण्यासमोर एक पाटी हवी असं ज्या ठिकाणांबद्दल मला मनापासून वाटलं, त्यांत भवानीनगर पहिलं.

कृष्णा ओलांडून बहे-बोरगावकडून इस्लामपूरला आलं की ऊसच ऊस. १० सप्टेंबर १९४२ च्या इथल्या गोळीबारात दोघे गेले, उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे. पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. चांगली नोकरी असलेला शिकलेला माणूस आणि खेड्यापाड्यातला शेतकरी एका मोर्चात शेजारी चालत होते, हे त्यांच्या धंद्याची एक ओळ वाचली तरच उमगतं. 'उमाशंकर पंड्या. इंजिनिअर, किर्लोस्करवाडी. १० सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवरच्या मोर्चात गोळी लागून मृत्यू.' फक्त इतकं लिहायला कितीसा दगड लागतो?

वाळव्यात वेगळंच चित्र दिसतं. इथले किसन अहिर आणि आझाद हिंद फौजेतून इकडे आलेले पंजाबचे नानकसिंग, हे दोघे फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळ्याकडच्या डोंगरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडले. त्यांचे सोबती नागनाथअण्णा नायकवडी वाचले, आणि पुढे त्यांनी वाळव्याला सहकारी साखर कारखाना काढला तेव्हा त्याला किसन अहिरांचं नाव दिलं. आज पंचक्रोशीत त्या कारखान्याला नुसतं 'हुतात्मा' म्हणतात. हुतात्म्याचा दर किती, हुतात्म्याची टोळी कधी येणार, अशी चौकशी दर हंगामात बांधावर चालते. सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावाने पुणे-सोलापूर 'हुतात्मा एक्सप्रेस' धावते, त्यातलाच हा प्रकार. पहिल्यांदा ऐकताना मला ते खटकलं होतं. पण नाव रोज तोंडात असेल तर लहान मूल कधीतरी विचारतंच, हा हुतात्मा कोण? आणि वाळव्यात त्याला उत्तर देणारी माणसं अजून आहेत.

शेवट सांगलीचा. शहराच्या मध्यावर गणेशदुर्ग आहे, आत कारागृह. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि ते कृष्णेकडे पळाले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव मारले गेले. दादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. तटाजवळ उभं राहिलं की उडीची उंची नजरेत भरते, आणि भर पावसाळ्यातली कृष्णा म्हणजे काय ते सांगलीकराला सांगावं लागत नाही.

दादा पुढे मुख्यमंत्री झाले. कृष्णाकाठी त्यांची समाधी आहे, संस्था आहेत, कारखाना आहे, आणि ते सगळं त्यांच्या कर्तृत्वाला साजेसं आहे. पण त्याच दिवशी, त्याच तटावरून उडी मारलेले पत्रावळे आणि जाधव यांची नावं मी बाजारपेठेत, नदीच्या घाटावर, एका शाळेच्या दारात विचारली. म्हाताऱ्यांपैकी काहींना माहीत होती. शाळेतल्या मुलांना जेलफोडो ठाऊक होता, दादा ठाऊक होते, ही दोघं नाहीत. दादांनी स्वतः ही नावं कधी विसरू दिली नसती, असं मला वाटतं. गणेशदुर्गाच्या तटाला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा उंचीवर, या दोघांबद्दल चार ओळी लिहायला हव्यात: कोण, कुठले, वय काय, कुठे गोळी लागली.

कुणाला ही वाट धरायची असेल तर तारखा धरून जावं. शेणोलीला ७ जून, सांगलीला २४ जुलै, तासगावला ३ सप्टेंबर, साताऱ्याच्या गेंडामाळावर ८ सप्टेंबर, वडूजला ९, इस्लामपूरला १०. शेवटचे तीन दिवस ओळीने येतात, म्हणजे एका फेरीत होतात. रेल्वेने किर्लोस्करवाडीला उतरलं तर कुंडल जवळ पडतं, शेणोलीला कराडहून रस्त्याने जाणं सोयीचं. वडगाव जयराम स्वामी मात्र चुकवू नये, मुक्कामाला औंध बरं. आणि गावात कुणी ऐंशी-नव्वदीचं भेटलं तर घाई करू नये, पाटीवरच्या नावांमागचं जे काही शिल्लक आहे ते आता त्यांच्याकडेच आहे, तारीखवार लिहून घ्यावं.